वागणूक चांगली

आमच्या बीटचा हवालदार घरी आला की मोटरसायकल फणसाखाली लावतो, आणि लावण्याआधी वर बघतो. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एक बरका फणस सुटून थेट गाडीच्या टाकीवर आला होता. टाकीला पडलेला खळगा अजून तसाच आहे. पण अख्ख्या वाडीत एवढी गार सावली दुसरीकडे नाही, म्हणून तो धोका पत्करतो. वर बघून झालं की डिकीतून प्लास्टिकची पिशवी निघते, पिशवीतून कागद निघतात, आणि मग तो आपल्या कोल्हापुरी सुरात म्हणतो, "गुरुजी, बंदुकीचं हाय. तेवढं दोन शब्द सांगा की."

मी निवृत्त शिक्षक. तीस वर्षं हायस्कुलात भूगोल शिकवला. बंदूक हातात धरल्याचा माझा एकूण अनुभव म्हणजे कॉलेजातल्या एनसीसीत मिळालेल्या पाच गोळ्या. त्यातली एक शेजारच्या मुलाच्या निशाणावर लागली आणि त्याच्या कागदावर पाच गोळ्यांची सहा भोकं निघाली. त्याला शाबासकी मिळाली, मला परत कोणी बोलावलं नाही. असा मी, सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या अडीचशे उंबऱ्यांच्या गावात कोणाच्या हातात बंदूक द्यावी याबद्दल पोलिसांना सल्ला देतो. पगार नाही, भत्ता नाही, शिक्का नाही. सल्ला चुकला तर शिक्षाही नाही, हा त्यातला एकमेव फायदा.

हे काम माझ्याकडे आलं तंटामुक्तीतून. १५ ऑगस्ट २००७ला राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि गावोगाव समित्या बसल्या. आमच्या ग्रामसभेत सदस्य निवडताना बराच वेळ कोणाचंच नाव पुढे येईना, कारण नाव घ्यावं त्याचा निदान एक तंटा चालू होताच. शेवटी कोणीतरी म्हणालं, "गुरुजींच्या पडवीत टेबल असा." तेवढ्यावर ठराव पास झाला. पुढं माझ्या लक्षात आलं की सरकारी कागदात ज्याला 'प्रतिष्ठित नागरिक' म्हणतात त्याची व्याख्या खरोखर एवढीच आहे: ज्याच्यावर गुन्हा नाही आणि ज्याच्या पडवीत लिहायला टेबल आहे.

बंदुकीचा अर्ज जातो ओरोसला, कलेक्टर ऑफिसात. अर्जाचा नमुना ए-१. त्याला जोडायचा एस-३, म्हणजे अर्जदार शरीरानं आणि डोक्यानं ठीक असल्याचा डॉक्टरी दाखला. आणि एस-१, म्हणजे बंदूक कशी धरावी, कशी ठेवावी याचं शिक्षण घेतल्याचा दाखला. डॉक्टरी दाखल्याच्या वेळी मी एकदा सोबत गेलो होतो. डॉक्टर तरुण होते, घाटावरून नवीनच आलेले. त्यांनी अर्जदाराला गंभीरपणे विचारलं, "डोक्याचा काही त्रास?" तो म्हणाला, "डोक्याचो नाय डॉक्टर, डुकरांचो." डॉक्टरांनी 'त्रास नाही' असं लिहिलं.

अर्ज ओरोसला पोचला की ओरोसहून पोलिसांना विचारणा होते. अहवाल द्यायला नियमानं ३० दिवस. ठाण्यातून ती विचारणा बीटच्या हवालदाराकडे आणि हवालदाराकडून माझ्या फणसाखाली. म्हणजे दिल्लीत १९५९ साली झालेला शस्त्र कायदा आणि २०१६ साली झालेले शस्त्र नियम एवढा लांबचा प्रवास करून अखेर आमच्या बायकोच्या चहापाशी येऊन टेकतात.

पुण्यामुंबईच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे बंदूक म्हटलं की कमरेला लावायचं पिस्तूल आणि त्याच्या मागे उभी असलेली पांढरी गाडी येत असेल. आमच्याकडचा माल वेगळा. आमची बंदूक ठासणीची, शेतीसंरक्षणाची. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा घालायचा, गजानं ठासायचं. मग छर्रे, परत बोळा, परत ठासणं. शेवटी घोड्याखाली केप बसवायची. हे सगळं रात्री दोन वाजता, पावसात, दातांत बॅटरी धरून. एक बार भरून होईपर्यंत डुकरांचा कळप तुमच्या कुणग्यातलं जेवण आटपून शेजाऱ्याच्या कुणग्यात हात धुवायला गेलेला असतो. कायद्याचं मात्र या बंदुकीवर विशेष प्रेम आहे. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याला परवाना द्यावा, असं कायद्यानं वेगळं लिहून ठेवलंय.

बंदूक कशासाठी, तर डुकरांसाठी. पण डुक्कर पडलं वन्यजीव संरक्षण कायद्यात, १९७२च्या. त्याला मारायचं तर वनखात्याची परवानगी हवी. तेव्हा बंदुकीचा परवाना एका खात्याचा आणि डुकराचा दुसऱ्या खात्याचा. दोन्ही कागद एकाच माणसाच्या खिशात एकाच रात्री असल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. व्यवहारात बार हवेत काढतात. आवाजानं डुकरं पळतात आणि पाठोपाठ वाडीतल्या सगळ्या घरांतले दिवे लागतात. दुसऱ्या दिवशी बार काढणाऱ्याला चहाच्या टपरीवर सगळे विचारतात, "लागलो काय रे?" आणि तो कायद्याला धरून सांगतो, "नाय."

हवालदाराच्या कागदावर प्रश्न ठरलेले. अर्जदार गावात किती वर्षं राहतो? याचं उत्तर आमच्याकडे 'देवळाच्या आधीपासून' असंच येतं. अर्जदाराला व्यसन आहे काय? एकदा हा प्रश्न अर्जदार समोर बसलेला असतानाच निघाला. हवालदार म्हणाला, "दारू?" अर्जदारानं विचारलं, "बंदुकीतली काय पोटातली?" हवालदारानं पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी चहाकडे बघितलं.

खरी पंचाईत होते ती पुढच्या प्रश्नाला: अर्जदाराचे शेजाऱ्यांशी अथवा भाऊबंदांशी वाद आहेत काय? हा प्रश्न ज्यानं काढला तो माणूस कोकणातला नसणार. इथं एका सातबारावर चाळीस-बेचाळीस नावं असतात. त्यातली निम्मी वारलेली, पाव मुंबईत आणि उरलेली एकमेकांशी बोलत नाहीत. गडगा दीड हात सरकला म्हणून आजोबांनी लावलेला दावा नातू श्रद्धेनं पुढं चालवतो, जशी देवळातली पाळी चालवतात तसा. भाऊबंदांशी वाद असलेल्याला बंदूक द्यायची नाही असं ठरवलं तर कोकणात बंदूक फक्त डुकरांकडे राहील.

आणि गंमत अशी की परवाना मागायला सातबारा तर लागतोच. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असं शस्त्र कायद्याच्या चौदाव्या कलमात स्पष्ट म्हटलंय. गरिबालाही बंदूक मिळाली पाहिजे, हे कायद्याचं मोठेपण. पण शेतीसंरक्षणासाठी बंदूक मागायची तर शेती दाखवावी लागते, आणि शेती दाखवली की तिच्यावरचा वादही दिसतोच. मी यातून तोडगा काढला. 'वाद आहेत, परंतु पूर्वापार आहेत' असं मी सांगतो. हवालदार 'वाद नाहीत' असं लिहितो. दोघांचंही समाधान होतं.

शेवटचा रकाना: गावातील वागणूक. तिथं दोनच शब्द जातात, 'वागणूक चांगली'. गेल्या अकरा वर्षांत मी पोलिसांना हेच दोन शब्द दिलेत. एकदा एका अर्जात माझ्या खाली सही करणाऱ्या दुसऱ्या प्रतिष्ठितानं उत्साहात 'अत्यंत चांगली' लिहिलं, तर हवालदारालाच संशय आला.

सगळ्यांची वागणूक खरंच चांगली असते का? छे. कोणाची कशी आहे हे गावाला बिनचूक माहीत असतं. कोण तिसऱ्या पेल्यानंतर रडतो आणि कोण तिसऱ्या पेल्यानंतर काठी शोधतो, कोणाच्या घरातली भांडी रात्री वाजतात, कोणाचं पोर बाप एसटीतून उतरलेला दिसला की मागच्या दारानं मांगरात जातं, ही माहिती कुठल्याही गुप्तवार्ता विभागाला लाजवील अशी असते. पण ही माहिती तोंडी असते. हवालदार कागद घेऊन पडवीत बसला की लिहिण्यासारखं काही उरत नाही, आणि तो फणसाखालून गाडी काढून वळणापलीकडे गेला की चार माणसं खळ्यात जमतात. "गुरुजी, त्याका बंदूक म्हणजे जरा..." "मग तेव्हा बोलायचं होतंस." "ता खराच. पण लिवन देतलो कोण?"

लिहून न देण्याची कारणं भक्कम असतात. ज्याच्याविषयी बोलायचं त्याच्याकडे वाडीतला एकुलता एक पॉवर टिलर असतो, आणि नांगरणी पंधरा दिवसांवर आलेली असते. किंवा त्याची बहीण आपल्या घरात दिलेली असते. शिवाय पोलिसांना गुपचूप सांगितलेली गोष्ट संध्याकाळच्या एसटीबरोबर गावात परत येते, बऱ्याचदा मूळ वाक्यापेक्षा दोन वाक्यं वाढवून. मी स्वतःही याहून शूर नाही. चौघांच्या वेळी माझ्या पोटात गोळा आला होता आणि चौघांनाही मी 'वागणूक चांगली' दिली. पूर्वी परवाना तीन वर्षांनी नव्यानं तपासला जाई. २०१९च्या दुरुस्तीनं मुदत पाच वर्षं केली. माझा भित्रेपणा आता पाच वर्षं टिकतो.

माझी पुतणी इंग्लंडात लीड्सला असते. तिच्या शेजारची निवृत्त नर्स असल्याच एका नागरिकांच्या गटावर आहे, फुकट काम करणाऱ्या. बंदुकांच्या परवान्यांबाबत पोलिसांनी काय ठरवलं, का ठरवलं, यावर त्या गटानं मत द्यायचं. पण फाइलीतली नावं झाकलेली असतात, असं पुतणी म्हणाली. मी फोनवरच हसलो. नाव झाकलं तर मत कसलं देणार? आमच्याकडे नाव झाकून 'दारू पितो, भाऊबंदांशी वाद, घराजवळ फणस' एवढं लिहिलं तर निम्म्या गावाला वाटेल की आपल्यावरच लिहिलंय.

तिथले नियम मात्र मी कान देऊन ऐकले. बंदूक भिंतीला बोल्ट केलेल्या पोलादी कपाटात ठेवायची. पोलीस घरी येऊन ते कपाट हलवून बघतात. आणि कपाटाची किल्ली कुठं आहे हे परवानाधारकाखेरीज कोणालाही कळता कामा नये, घरच्यांनासुद्धा नाही. हे मी बायकोला सांगितलं. तिनं विचारलं, "मग ती हरवली की शोधून देतं कोण?" याला इंग्लंडकडेही उत्तर नसावं.

पुतणीनंच मग स्कॉटलंडमधल्या डनब्लेनचं सांगितलं, आणि माझं हसू गेलं. मार्च १९९६मध्ये तिथल्या प्राथमिक शाळेत एका माणसानं १६ मुलं आणि त्यांची शिक्षिका गोळ्या घालून मारली. त्याच्या बंदुका परवान्याच्या होत्या. पाच वर्षं आधी, १९९१ साली, एका पोलीस अधिकाऱ्यानं लिहून दिलं होतं की या माणसाचा परवाना काढून घ्यावा. कागद वर गेला, वरच्यांनी वाचला, परवाना राहिला. पुढच्याच वर्षी ब्रिटननं खाजगी हातातल्या पिस्तुलांवर बंदी आणली. मी शिक्षक माणूस. त्या रात्री मला झोप लागली नाही. तिथं एकानं लिहिलं तरी होतं. माझ्याकडे टेबल आहे, पेन आहे आणि अकरा वर्षांचं 'वागणूक चांगली' आहे.

आता ज्या बंदुकीसाठी हे सगळं सांगायला बसलो तिच्याकडे येतो. नावं सांगत नाही, कारण प्रकरण अजून चालू आहे आणि सगळे पक्षकार हे वाचतील.

आमच्या वरच्या वाडीत एका म्हाताऱ्याकडे ठासणीची बंदूक होती, त्याच्या वडिलांपासूनची. नियम असा की परवानाधारकानं सत्तरी गाठली किंवा पंचवीस वर्षं बंदूक बाळगली, तर त्याला जिवंतपणीच ती एखाद्या वारसाच्या नावावर करून देता येते. मी हे त्याला त्याच्या बहात्तराव्या वर्षी सांगितलं होतं. तो म्हणाला, "गुरुजी, जमीन, बंदूक आणि दातांची कवळी जिवंतपणी कोणाक दिवची नसता." ८३व्या वर्षी, २०२३च्या पावसात तो गेला. बंदूक नियमाप्रमाणे ठाण्यात जमा झाली. मागे तीन मुलगे.

थोरला शेती बघतो. माणूस कामाला वाघ, संध्याकाळी सहापर्यंत. सहानंतरचं मी वर सांगितलंच आहे, तिसऱ्या पेल्यानंतर काठी शोधणाऱ्यांत तो पहिला. मधला मुंबईत चाकरमानी. तो फक्त गणपतीत येतो, पण येतो तेव्हा वर्षभराचे हक्क एकदम मागतो. धाकटा गावातच, स्वभावानं गरीब. दिवाळीत शेजारच्या पोरांनी लवंगी लावली तरी हा कानांत बोटं घालून माजघरात जातो.

बंदूक कोणाच्या नावावर करायची यासाठी देवळाच्या सभामंडपात बैठक झाली. तंटामुक्ती समिती हजर, म्हणजे मी, पोलीस पाटील, आणि उरलेले सदस्य जे आपापल्या तंट्यांसाठी कोर्टात गेलेले नव्हते. मधल्यानं सुचवलं की बंदूक पाळीनं ठेवावी, चार-चार महिने प्रत्येकाकडे, पालखीच्या मानासारखी. त्याला समजावून सांगितलं की परवान्यावर एकाचंच नाव आणि एकाचाच फोटो असतो. तो म्हणाला, मग तिघांचा एकत्र फोटो काढू. धाकट्यानं सांगून टाकलं की त्याला बंदूक नको, नुसता आवाज बंद करता आला तर बघा. दीड तासानं सगळे थकले आणि थकलेली माणसं ज्या ठिकाणी येऊन थांबतात तिथंच आलो: थोरला म्हणजे थोरला. मधल्यानं आणि धाकट्यानं ना-हरकत लिहून दिली. पंधरा दिवसांनी हवालदार फणसाखाली आला, वर बघितलं, कागद काढला. मी सही केली. वागणूक चांगली.

त्याच संध्याकाळी दिवेलागणीला त्यांची आई आमच्या मागच्या दारी आली. हातात पदराखाली झाकलेली दोन दोडकी. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ वाकलेली, आवाज खणखणीत. ओट्यावर बसली, दोडकी आमच्या बायकोच्या हातात दिली आणि मला विचारलं, "गुरुजी, तुमी सही केलास?"

मी म्हटलं, केली काकी. सगळ्यांचं एकमत झालं.

"सगळ्यांचा? माका कोणी इचारल्यान नाय."

मी काही बोललो नाही. ती थोडा वेळ अंगणातल्या तुळशीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ती बंदूक खयच्या डुकरार सुटतली, ता माका ठावक असा." आणि उठली. थोरल्याची बायको गेल्या शिमग्यानंतर दोन महिने माहेरी होती, हे मला माहीत होतं. तशी ती का गेली होती, हेही माहीत होतं. गावात सगळ्यांनाच माहीत होतं. सभामंडपात दीड तासात तिचं नाव एकदाही निघालं नव्हतं.

मला त्या रात्री कागदातली उणीव सापडली. अर्जदार कुठं राहतो, काय पितो, कोणाशी भांडतो हे सगळं विचारतात, आणि पडवीत बसलेल्या पुरुषांना विचारतात. ज्या बाईच्या डोक्यावरच्या खुंटीला ती बंदूक टांगायची असते तिच्यासाठी रकाना नाही. मी शेजारी म्हणून चांगला असेन, पण शेजाऱ्यावर सहसा बंदूक उगारत नाहीत. आधी घरात सराव होतो.

सकाळी उठून मी हवालदाराला फोन केला. म्हटलं, सही मागं घेता येईल का? तो म्हणाला, "अहो गुरुजी, कागद काल सांच्यालाच गेला की." कधी नव्हे तो पोलिसांचा अहवाल मुदतीच्या आधी गेला होता.

दोन महिन्यांनी ओरोसहून फाइल परत आली. तिथल्या कोणा कारकुनानं पेन्सिलीनं शेरा मारला होता: 'वारसांपैकी आई व विवाहित बहिणी यांची ना-हरकत जोडलेली नाही.' सभामंडपात बसलेल्या आम्हा सगळ्यांना बहिणी आहेत, आया आहेत किंवा होत्या. बंदुकीला वारस म्हणजे मुलगे असं धरून आम्ही दीड तास काथ्याकूट केला होता, आणि ठासणीच्या बंदुकीत निदान काथ्याचा उपयोग तरी होतो. त्या कारकुनाला मी ओळखत नाही. ओळखत असतो तर हापूसची पेटी पाठवली असती, पण ती लाच ठरली असती.

दोन्ही बहिणींनी दिल्या घरून सह्या करून पाठवल्या. एकीनं फोनवर मला विचारलं, "आयेन केल्यान काय?" मी म्हटलं, अजून नाही. ती हसली आणि म्हणाली, मग माझी घ्या, काय बिघडत नाही. राहिला एक अंगठा.

थोरला माझ्याकडे आला. दिवसा आला होता, त्यामुळे नम्र होता. "गुरुजी, आयेक जरा सांगा मां. कागदार आंगठो म्हणजे काय दोन मिनटाचा काम." मी त्याच्याबरोबर गेलो. काकी पडवीत सुपात तांदूळ निवडत होती. मी रीतसर विषय काढला. तिनं उजव्या हाताचा अंगठा वर धरून मला दाखवला, जणू मी डॉक्टर आहे. "आंगठो दुखता," म्हणाली. थोरल्यानं डावा चालतो असं सांगितलं. तर तोही दुखत होता.

मग आलं २०२४. त्या वर्षी आमच्या बंदुकांनी घरापेक्षा ठाण्याचा पाहुणचार जास्त घेतला. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका जमा करायच्या. कोणाची घ्यायची आणि कोणाची ठेवायची हे जिल्ह्याची छाननी समिती बघते, त्यात कलेक्टर आणि एसपी असतात. आमच्यापर्यंत फक्त यादी येते. लोकसभेला सिंधुदुर्गाचं मतदान ७ मेला होतं, तेव्हा काजूचा हंगाम होता आणि माकडांना मोकळं रान मिळालं. विधानसभेची आचारसंहिता लागली १५ ऑक्टोबरला. तीन दिवस आधी दसरा झालेला. लोकांनी बंदुकांची पूजा केली होती, नळीला झेंडूचा हार, दस्त्यावर हळदकुंकू. मी ठाण्यात गेलो तेव्हा भिंतीशी रांगेनं उभ्या केलेल्या बंदुकांच्या गळ्यात सुतळीनं बांधलेल्या नंबराच्या चिठ्ठ्या होत्या आणि दोन-तीन घोड्यांच्या खाचांत झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या अडकून राहिल्या होत्या. भात तेव्हा कापणीला आलेलं. मतदान २० नोव्हेंबरला झालं. आमच्या कुणग्यांतली मोजणी डुकरांनी त्याआधीच उरकली होती.

रांगेच्या अगदी कडेला एक बंदूक होती जिला हार नव्हता. चिठ्ठीवरची शाई उडून गेलेली. हवालदार म्हणाला, "ही त्या म्हाताऱ्याची. हिचं काय करायचं गुरुजी?" मी म्हटलं, काकीला विचारा. तो म्हणाला, "त्यांचा रकाना न्हाई." म्हटलं, मागचं पान कोरं आहे, त्यावर लिहा. तो गेला की नाही आणि त्यानं काही लिहिलं की नाही, मी विचारलेलं नाही. पण त्यानंतर दोनदा त्याची गाडी मी वरच्या वाडीत पाहिली, तीही त्या घराच्या मागच्या दारी, भर उन्हात लावलेली.

निकाल लागले, गावाच्या बाकी बंदुका घरोघर गेल्या. ती एक अजून तिथंच भिंतीशी आहे. काकीचा अंगठाही दुखतो आहे, उजवा आणि डावा दोन्ही. रेशनच्या दुकानातल्या मशीनवर मात्र उजवा दर महिन्याला पहिल्या झटक्यात लागतो. रांगेत तिच्या मागे माझाच नंबर असतो.